लेकरू कोणावर गेलंय

१

पाहुणे, चहा येईपर्यंत एक विचारू का? माणसानं विश्वास कोणावर ठेवावा, स्वतःच्या डोळ्यावर का समोरच्याच्या शब्दावर? घाई न्हाई. बसा आधी. त्या पिंपावरच बसा, जाड पत्रा आहे, पोचा येत न्हाई. पंखा तिकडं वळवतो.

तुम्ही आत्ता रिक्षातून उतरलात. मांडवाच्या तोंडाशी दैवशाला लेकरू कडेवर घेऊन उभी होती. बघितल्याबरोबर तुम्ही म्हणालात, "अरे, हे तर हुबेहूब धर्मराज अण्णा!" तुमचा काही दोष न्हाई. अण्णा तुमचे आत्तेभाऊ, तुम्ही केदारखेड्याहून एवढ्या लांब जावळाला आलात, तोंडात येणारच. पण तुम्ही बोललात आणि ती पोरगी तोंड फिरवून आत निघून गेली, ते बघितलंत? म्हणून तुम्हाला हाताला धरून दुकानात आणलं. आज जो पाहुणा येईल त्याला आधी माझ्यापाशी बसवायचं असं ठरलंय. अण्णांच्या लेकानं आणि सुनेनं, कल्याणनं आणि दैवशालानं, मिळून ठरवलंय. मी त्यांच्या तोंडानं बोलून राह्यलो, हे ध्यानात असू द्या.

मी भुजंग. तीर्थपुरीत हे भांड्याचं दुकान माझं. जागा अण्णांची, पुढं माझं दुकान आणि मागं त्यांचं घर. मधी एक भिंत आणि एक दार. शाळा माझी चौथीतच सुटली. अक्षरं शिकलो ती भांड्यावरची नावं वाचून. अमक्याला अमक्याकडून सप्रेम भेट. पुढं मशीन घेतलं आणि तीच नावं मी टाकायला लागलो. दुसरी विद्या आपोआप आली, आवाजाची. डोळे मिटून बसतो आणि मागं मोरीत काय पडलं ते सांगतो. स्टील वेगळं, जर्मन वेगळं, पितळ वेगळं. ही विद्या नसती तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

घ्या, चहा आला.

२

अण्णा गेले तेव्हा कल्याणच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्ती आणि घरात पाळणा न्हवता. अण्णांची बायको नंदाबाई तशी मायाळू बाई, पण गाव गप बसत न्हाई. हळदीकुंकवाला बाया ओटी भरत भरत यायच्या आणि दैवशालापाशी आल्या की ताट पुढच्या बाईकडं सरकायचं. ती डोळा वर करायची न्हाई. माझ्या दुकानात डोहाळजेवणाची ताटं घ्यायला बाया आल्या की ती मागचं दार हळूच लोटून घ्यायची. मला कडीचा आवाज यायचा.

तपासण्या झाल्या. दोष कल्याणमधी निघाला. तुम्ही बसलात त्याच पिंपावर बसून त्यानं मला सांगितलं.

"भुजंगकाका, डॉक्टर म्हणतात, बीज दुसऱ्याचं घ्यावं लागंल. देणाऱ्याचं नाव कळत न्हाई, गाव कळत न्हाई. उंची, रंग, रक्तगट जुळवून देतात."

"दैवशाला काय म्हणती?"

"ती म्हणती घेऊ. पण सांगून घेऊ. आईला तरी सांगू."

"आणि तू?"

तो म्हणाला, "काका, आईनं ते लेकरू मांडीवर घेतलं न्हाई तर?"

तेवढ्यात दैवशाला मागच्या दारात येऊन उभी राह्यली. म्हणाली, "काका, तुम्ही व्यापारी माणूस. सांगा ह्यांना. गिऱ्हाइकाला आज सांगितलं तर एकदा तोंड वाकडं करंल. उद्या घरी जाऊन कळलं तर दुकान जाळंल."

"लेकरू म्हणजे माल हाये का?" कल्याण म्हणाला.

"न्हाई ना? मंग लपवता कशाला?"

भांडण तिथंच राह्यलं. शेवटी कल्याणचंच झालं, कोणाला सांगायचं न्हाई. संभाजीनगरच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. गावाला कारण काय सांगायचं? मी म्हणालो, सांग, भुजंगशेठचा माल आणायला जातो. झालं! दोन-चार फेऱ्या झाल्या आणि अण्णांची बहीण, उषाबाई, माझ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभी. "शेठ, माल आणायला सारखं जाऊन राह्यलेत दोघं. माल दिसंना कुठं? का वाटंत विकून येतात?" गेलो बाबा जल्दी जालन्याला, दिसेल ते उचलून आणलं. त्या वर टांगलेल्या लाल बादल्या बघा, त्याच. अजून एक विकली गेली न्हाई. वर बघितलं की मला आठवतं, एक गोष्ट झाकायला किती सामान लागतं ते.

३

लेकरू झालं. मुलगा. बारशाला हा मांडव, हे जेवण! नाव हरिओम ठेवलं. नंदाबाईला दुसरं नाव पायजे होतं, पण तिला ते सांगता येईना. नवऱ्याचं नाव ती तोंडानं घेत न्हाई, जुनी बाई. नुसती घागरीवर कोरलेल्या अण्णांच्या नावावर बोट ठेवून बसली, "हे ठेवा की." कल्याण म्हणाला, आई, आता ठरलंय.

आणि मंग बायांचं ते सुरू झालं, जे प्रत्येक पाळण्यापाशी सुरू होतं. लेकरू कोणावर गेलंय? उषाबाई म्हणाली, "नाक आमच्या घरचं." दुसरी म्हणाली, कपाळ अण्णाचं. तिसरी म्हणाली, जिवणी अण्णाची. मी कल्याणकडं बघत होतो. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मंग उजळत गेला. प्रत्येक बाईला तो मान हलवून म्हणत होता, "हो, बराबर. अण्णाच." मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मीही म्हणालो, "बिलकुल अण्णा!"

एक किस्सा सांगतो. अंबडचा एक माणूस एकदा पातेल्याचं झाकण घेऊन आल्ता. पातेलं हरवलं म्हणे, जोडीचं पायजे. एक दिलं, त्यावर त्यानं झाकण ठेवून बघितलं, थोडं फिरवलं, थोडं दाबलं आणि म्हणाला, "बसलं!" मला दिसत होतं, बसलेलं न्हाई. एका बाजूनं वर राह्यलेलं. पण त्याला बसवायचंच होतं, त्याला बसलेलं दिसलं. खुश होऊन गेला.

बारशाच्या दिवशी मला तोच माणूस आठवत होता. लोकांना बसवायचं असतं, बसवू द्या. कोणाचं काय बिघडतं? असंच मी मनाशी म्हणालो आणि पोटभर जेवलो.

४

त्यानंतर काही महिने सगळं ठीक होतं. मी दुपारी शटर अर्धं ओढतो आणि भांडी पुसत बसतो. बाजार झोपलेला असतो. मागून नंदाबाईचं गुणगुणणं, पाळण्याच्या कडीचा आवाज, कूलरची घरघर. ऐकायला गोड वाटायचं. मला स्वतःला नातवंड न्हाई.

अशाच एका दुपारी भिंतीपलीकडून आवाज आला.

ठप्प-खण. ठप्प-खण.

माझा हात परातीवरच थांबला. पाहुणे, तुम्ही त्या घरात राह्यलेले आहात, तुम्हाला सांगायला नको. अण्णांचा पितळी गिलास! पाणी पायजे असलं की लोखंडी खाटेच्या पट्टीवर आपटायचे. आपटून आपटून त्याचं बूड आत गेल्तं, म्हणून आधी बसका आवाज यायचा आणि मंग खण्ण. असा आवाज दुसऱ्या कुठल्या गिलासाचा न्हाई. सगळं घर त्या आवाजावर उठायचं-बसायचं.

मी स्वतःला म्हणालो, भुजंगा, गिलास काढला असंल वरून. आणि मंग आठवलं. अण्णांचं दहावं-तेरावं झाल्यावर जुनं पितळ कल्याणनं मोडीत दिलं होतं. मलाच. तो गिलास मी माझ्या हातानं पोत्यात टाकला, पोतं जालन्याच्या गाडीत चढवलं. तो वितळून कधीचा कशाचा तरी नळ झाला असंल.

ठप्प-खण.

मागचं दार उघडून मी आत डोकावलो. नंदाबाई खांबाला टेकून डुलक्या घेत होती. अण्णांच्या खाटेवर चहूबाजूंनी उशा लावून लेकरू बसवलेलं. हातात प्लास्टिकची हिरवी वाटी, दूध-भाताची. ते ती पट्टीवर आपटत होतं, आणि आवाज येत होता टक, टक. प्लास्टिकचा. साधा. मी उभा राहून ऐकलं. प्लास्टिकच.

दुकानात येऊन बसलो, दार लावलं. ठप्प-खण.

भिंतीमुळं आवाज बदलतो, असं मी ठरवलं. मातीची जुनी भिंत आहे, पोकळ असंल. व्यापाऱ्याला असं काही तरी ठरवावंच लागतं, न्हाई तर दुकान कसं चालणार? पण पलीकडं नंदाबाई जागी झाली, आणि झोपाळू आवाजात जे बोलली, ते मी भिंतीतून स्पष्ट ऐकलं.

"आणते, आणते. अहो, जरा दम धरा की."

५

मी दैवशालाला विचारलं. ती तांब्या बदलायला आल्ती, उगाच कारण काढून. म्हणाली, "हो काका. आई त्याला अहो म्हणतात. 'दूध घ्या', 'झोपा आता', 'उन्हात बसू नका'. आधी मला हसू यायचं. लाडानं म्हणतात असं वाटलं."

"लाडच आहे तो."

"लाडात आवाज बारीक होतो, काका. आईंचा आवाज बारीक होत न्हाई. डोक्यावरचा पदर सारखा करतात आधी."

मंग कानाचं झालं. सोनार येऊन लेकराचे कान टोचून गेला, बारीक तार घातली. तेव्हा उषाबाई म्हणाली होती, "डाव्या पाळीला जपा गं. आमच्या अण्णाची तालमीत फाटली होती, ह्याची बी फाटंल, सगळं त्याच्यावरच चाललंय." बाया हसल्या. कल्याणही हसून म्हणाला, "हो, हो, अण्णावरच."

थोड्या दिवसांनी दैवशाला लेकराला घेऊन दुकानात आली. बोलली न्हाई, नुसता कान पुढं केला. डावी पाळी खालपर्यंत दुभंगलेली. मी म्हणालो, तार कुठं अडकली असंल. ती म्हणाली, "रक्त कुठाय मंग? कपड्यावर न्हाई, उशीवर न्हाई. लेकरू रडलं बी न्हाई. आणि हे बघा." तिनं बोट फिरवलं. दोन्ही कडा गुळगुळीत, जून. चाळीस वर्षांपूर्वीची जखम भरल्यावर दिसते तशी.

नाक जुळतं, कपाळ जुळतं, ते मी समजू शकतो. जगात नाकाचे प्रकार असून असून किती असणार? वाटी आपटायची सवय, तीही समजू शकतो. लेकरं आपटतातच. पण पाहुणे, तालमीत फाटलेला कान रक्तातून येत न्हाई. सख्ख्या नातवाला येत न्हाई. आणि हा तर... तुम्हाला मी सांगितलंच, बीज परक्याचं.

दैवशाला माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, डॉक्टरला दाखव. माझ्याकडं तेवढंच होतं.

६

डॉक्टरनं सांगितलं, होतं असं, मोठेपणी टाका घालू. पुढं उजव्या हाताची शेवटची दोन बोटं उघडंनात. तुम्हाला अण्णांचा हात आठवत असंल, मळणी यंत्राच्या पट्ट्यात सापडलेला. नमस्कार करताना ती दोन बोटं तळव्यात दुमडलेलीच राहायची. डॉक्टर म्हणाले, तेलानं चोळा, सुटतील. डॉक्टरची काय चूक? त्यांनी अण्णांना बघितलेलं न्हवतं.

मी आता प्रत्येक गोष्टीच्या मागं जाऊ लागलो. आधी काय झालं, कोण बोललं. बोटाच्या आधी उषाबाईच्या घरी जेवण होतं, तिथं कोणी तरी म्हणालं होतं, "मूठ अगदी अण्णासारखी धरतो." आणि कल्याण म्हणाला होता, हो. प्रत्येक वेळी कोणी तरी बोललेलं आणि कल्याणनं हो म्हटलेलं. मी काही नियम काढत न्हाई. माझी तेवढी अक्कल न्हाई. पण अंबडच्या त्या माणसाचं झाकण आठवायचं. झाकण बसत न्हाई, तरी सगळे म्हणतात बसलं, बसलं. आणि एक दिवस खरंच कट्ट आवाज करून बसलं तर?

मी कल्याणला बाजूला घेतलं. म्हणालो, तू हो म्हणणं बंद कर.

तो हसला. पाहुणे, त्या हसण्याची मला जास्ती भीती वाटली. "काका, मी झोपत न्हवतो आधी. वाटायचं, मोठा झाला आणि कोणी म्हणालं, ह्याच्यात तुमचं काहीच न्हाई, तर? आता बघा. अण्णांचा कान, अण्णांचा हात. आता कोणी मायचा लाल म्हणू शकंल का हे पोरगं आमचं न्हाई म्हणून?"

"कल्याण, तो कान फाटलेला आहे."

"असू द्या. आमचा हाये."

७

मंग डोळ्याचं निघालं.

अण्णांचे डोळे शेवटी गेल्ते. मोतीबिंदू पिकला, ऑपरेशनला काही केल्या तयार झाले न्हाईत. ओट्यावर बसून राहायचे, पाऊल वाजलं की मान तिरपी करून ऐकायचे. उषाबाई एका दुपारी लेकराला मांडीवर घेऊन सहज म्हणाली, "डोळे तेवढे बघायचे राह्यले. ते बी भावावरच जाणार, बघा तुम्ही."

मी दाराच्या अलीकडं होतो. कल्याणचं "हो" येईल म्हणून कान टवकारले. ते यायच्या आधी दैवशाला ओरडली, "न्हाई!" काही तरी खाली पडलं, स्टीलचं ताट. "न्हाई म्हणा! आत्या, शब्द मागं घ्या!"

"अगं बाई! मी काय वाईट बोलले?"

"सांगा त्यांना न्हाई म्हणून. अहो, सांगा की!" हे ती कल्याणला म्हणत होती. कल्याण काही बोलला न्हाई. न्हाईही न्हाई, होही न्हाई. उषाबाई तणतणत निघून गेली, "सून डोक्यावर बसलीय" म्हणत.

आठवडा गेला असंल. लेकराच्या बुबुळावर पिठाचं बोट लागावं तसं दिसायला लागलं. जालन्याच्या डोळ्याच्या डॉक्टरनं बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, जन्मतःच असंल, आता ध्यानात आलं, वाढलं तर लवकर ऑपरेशन करावं लागंल.

त्या दिवशी दोघं ह्याच दुकानात भांडले. घरात भांडता येईना म्हणून. ती म्हणाली, "मला माझं लेकरू पायजे. सासरा न्हाई पायजे. लई चांगला माणूस होता, मी शेवटपर्यंत केलं त्यांचं, सगळं केलं. पण मी त्यांना पोटात न्हवतं वाढवलं."

कल्याण म्हणाला, "आणि सांगितल्यावर काय? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. त्यांच्या बोलण्यानं डोळे तरी जायचे न्हाईत."

"पण मंग त्याच्यात माझं काय राहील, दैवशाला?"

तिनं त्याच्या हाताला हात लावला. म्हणाली, "पहाटे उठून बाटल्या कोण उकळतं? ताप आला तर खांद्यावर घेऊन कोण हिंडतं? ते अण्णा करतात का?"

तो रडला, माझ्या भांड्यांच्या मधी बसून. मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

सुरुवात दैवशालानं केली. आष्टीला माहेरी गेली, आईला आणि भावाला सगळं सांगितलं. भाऊ उठून बाहेर गेला, मंग परत येऊन बसला आणि म्हणाला, "बरं, मंग? भाचा माझाच ना?" आई थोडी रडली आणि मंग लेकराची दृष्ट काढली. दैवशाला परत आली ती पळतच दुकानात. लेकराची मूठ माझ्यापुढं उघडून दाखवली. करंगळीशेजारचं बोट सरळ झाल्तं.

तेलानंही झालं असंल. मी म्हणत न्हाई तेल न्हवतं.

८

म्हणून आजचा दिवस. जावळाला सगळे येणार, सगळ्यांना सांगायचं. पण आधी नंदाबाईला.

सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. थोरला म्हणून. नंदाबाई खाटेवर लेकराला पुढ्यात घेऊन जावळावर तेल थापत होती. कल्याण खाली बसला आणि बोलला. सगळं बोलला, काही राखलं न्हाई. डॉक्टर, तपासण्या, कोणाचं ते माहीत नसलेलं बीज. आवाज फाटत होता त्याचा. नंदाबाईचा हात एकदाही थांबला न्हाई. तेल, तेल, तेल.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं, आई."

"मला वाटलंच होतं काही तरी. भुजंगभाऊच्या बादल्या काही खऱ्या न्हवत्या." आणि माझ्याकडं बघून थोडी हसलीही. मंग म्हणाली, "मला काय सांगता? मी तर मांडीवर घेतलंच हाये. मला लेकरू ते लेकरू." तिनं पदर सारखा केला, आणि पुढ्यातल्या डोक्याकडं बोट केलं. "ह्यांना सांगा. मी सांगून बघितलं, 'अहो, लेकराला त्रास व्हतोय, निघा आता.' पण आयुष्यभर माझं कधी ऐकलं न्हाई त्यांनी. तुमचं ऐकतात का बघा."

बाहेर मांडववाला खिळे ठोकत होता. कल्याण लेकरापुढं सरकला, हात जोडले, आणि त्याच्या तोंडून निघालं, "अण्णा..."

दैवशालानं झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला. "त्या नावानं न्हाई! माझ्या लेकराला सांगा. त्याचं नाव घेऊन सांगा."

कल्याणनं पुन्हा सुरुवात केली. "हरिओम. बाळा. मी तुझा बाप हाये. पण..." आणि सांगितलं. वर्षाचं व्हायला आलेलं लेकरू, त्याला काय कळणार? ते ऐकत होतं. मी दाराच्या चौकटीत होतो, पाय बदलला तेव्हा माझी चप्पल वाजली. लेकरानं मान तिरपी केली. माझ्याकडं तोंड फिरवलं. माझ्याकडं न्हाई, माझ्या जरा डाव्या अंगाला, जिथं मी न्हवतो. आणि थांबलं. कोण आलंय हे मी सांगावं म्हणून माणूस थांबतो, तसं. डाव्या हातानं खाटेची कड चाचपत होतं. अण्णा गेले त्या दिवशी मी त्यांना दुकानातून हाक मारली होती, तेव्हाही अशीच मान.

मी नाव सांगितलं न्हाई. गप उभा राह्यलो. अण्णांच्या जागेत इतकी वर्षं धंदा केला मी, आणि त्यांना ओ दिली न्हाई.

मंग ते तोंड हळूहळू सरकलं. उजवीकडं, आणखी उजवीकडं. आणि माझ्यावर आलं. नीट माझ्या डोळ्यात. हसलं, बोळकं दाखवून. दैवशालानं एकदम उचललं त्याला. मला वाटलं, सुटलं. तिलाही वाटलं. त्याला घेऊन ती मांडवाच्या दारात येऊन उभी राह्यली, पहिल्यांदाच इतकी मोकळी.

आणि तुमची रिक्षा आली.

न्हाई न्हाई, उठू नका, तुमच्यावर बोट ठेवत न्हाई मी. तुम्हाला दिसलं ते तुम्ही बोललात. तेच तर विचारून राह्यलो मघापासून. तुम्हाला अण्णा दिसले, का दिसायला पायजेत म्हणून दिसले? जन्मापासूनचा भाऊ, मनात तेच घेऊन तुम्ही गाडीत बसलात, का त्या लेकरानं खरंच तसं बघितलं तुमच्याकडं? तुमच्याकडं बघितलं, का तुमच्या जरा डाव्या अंगाला? आठवून बघा.

थांबा. चहाचा कप जरा खाली ठेवा.

ऐकलंत? पुन्हा. भिंतीला कान लावायची गरज न्हाई.

मी तुम्हाला सांगतो पाहुणे, त्या घरात आज पितळेचं एक भांडं न्हाई. जावळासाठी सगळी भांडी माझ्याच दुकानातून गेली, सगळी स्टीलची. मीच दिली.

चला, तुम्हाला आत जायला पायजे. मामा मांडीवर घेऊन बसला असंल, न्हावी आलाय. सगळे लेकराला वाकून बघतील आणि तुमच्याकडं बघतील, कारण अण्णांच्या पिढीतले आता तुम्हीच. एकच मागणं आहे. जवळ बसा, सावकाश बघा, आणि दिसेल तेवढंच बोला. कोणाला बरं वाटावं म्हणून एक शब्द वाढवू नका. दैवशालाची दया येऊन एक शब्द कमीही करू नका, खोट्यावर हे घर आता तग धरायचं न्हाई. नुसतं लेकरू दिसलं तर मोठ्यानं सांगा, भिंतीच्या अलीकडं मला ऐकू येईल असं. आणि अण्णा दिसले, तर जेवायला बसू नका, आधी माझ्याकडं या.

हिशेब खरा ठेवा, पाहुणे. एवढा एक दिवस.